टीप

जून सरत आला की माझा डॉक्टर निघतो.
आजवर पाच गेले. शिकाऊ असतात,
तीन वर्षं आमच्यावर हात बसवतात,
आणि बसला हात की बॉस्टन.

मी ल्यूसिएन पेल्टिए. लुइस्टनच्या बूट-कारखान्यात
एकतीस वर्षं चामड्यावर टीप मारली.
आता कारखान्यात कबुतरं आणि माझ्या पायांत मुंग्या.

नवा येतो, विचारतो, कधीपासून?
मी पुन्हा पहिल्यापासून.
नवऱ्याचं मरण प्रत्येकाला सांगितलं;
पाचव्याला सांगताना रडू आलं नाही,
तर त्यानं तेही टिपून घेतलं.

चौथ्यानं लिहून ठेवलं होतं:
'औषधं नियमित घेत नाही. तारखा चुकवते.'
थोरल्याचा कोट धाकट्याला यावा
तशी ती दोन वाक्यं पाचव्याकडे आली, मग सहावीकडे.
शेवटची बस साडेचारला सुटते, हे कुणी लिहिलं नाही.
जानेवारीत टाकीत तेल भरलं
की गोळ्या सुरीनं अर्ध्या होतात, हेही नाही.

सहावी इफ्राह वारसामे. लिस्बन रस्त्यावरच वाढलेली,
आठव्या वर्षी याच दवाखान्यात
आईची दुभाषी होऊन उभी राहिलेली.
तिनं मे महिन्यातच सातव्याला आणून बसवलं:
नेब्रास्काचा, कोवळा, कॅल्विन होर्स्टमन.
एका खोलीत दोन डॉक्टर आणि मी.
तिसरी खुर्ची बाहेरून ओढून आणावी लागली.
इफ्राह म्हणाली, "आज तुम्ही सांगा. आम्ही लिहितो."

मी बस सांगितली. तेल सांगितलं. सुरी सांगितली.
नवरा नाही सांगितला.
तो तिनं सांगितला, हळू आवाजात, नावासकट.

मग मी म्हटलं, तो पडदा इकडे वळवा.
टीप नेहमी उलट बाजूनं तपासावी,
वरून सगळ्याच सरळ दिसतात.

'चुकवते' खोडलेलं होतं.

पोरगा उठला. वाटलं, निघाला हाही.
तो गुडघ्यांवर बसला, माझा बूट काढला,
आत बोट फिरवत टाचेपर्यंत गेला
आणि थांबला.
"इथं शिवण टोचत असणार."
टोचत असणार. मला कळत नव्हतं, एवढंच.

बूट आमच्या कारखान्याचा नव्हता,
हे मात्र मी त्याला लगेच सांगून टाकलं.