बत्तिसावा खिळा

काथ्याच्या मॅटिंगला बत्तीस खिळे लागतात.
लांबीला अकरा-अकरा, दोन्ही टोकांना पाच-पाच.
हे गणित मला बाबांनी नाही शिकवलं,
शाळेनं तर नाहीच.
ऑस्टिनच्या गुडघ्यानं शिकवलं.

शहापूरच्या मागं, नाल्याच्या अलीकडं
एवढं एकच मैदान. खेळ दोन.
तुळशीच्या लग्नापासून मेअखेरपर्यंत क्रिकेट,
मग मॅटिंग गुंडाळायचं, दाभणानं उसवलेलं शिवायचं,
आणि गोलपोस्ट रोवायचे,
एक विकेटकीपरच्या पाठीशी, एक साइटस्क्रीनपुढं.
आषाढातल्या चिखलात गुडघाभर लीग.

फुटबॉलवाले म्हणायचे,
मधली बावीस यार्ड म्हणजे तापला तवा,
बॉल टेकला की टुणकन डोक्यावरून.
म्हणून ते कडेकडेनं खेळायला शिकले.
आमच्या मैदानानं विंगर दिले, पोतंभर दिले,
मधून खेळणारा एक नाही.

क्रिकेटवाले म्हणायचे,
गोलच्या तोंडाशी गवत म्हणून नाही,
वळणारे पाय उकरून ठेवतात सगळं.
तिथून उसळलेला बॉल एकदा
गुरुसिद्धच्या ओठावर बसला, दोन टाके.
तेव्हापासून सरळ बाउंड्रीवर कुणी झेपावत नाही,
आणि आमचे सगळे फलंदाज सरळच मारतात.
बाहेरून आलेले कोच त्याला शैली म्हणतात.
मी खड्डा म्हणतो.

त्या वर्षी खिळे डालड्याच्या डब्यात टाकले,
झाकण लावलं,
मोजले नाहीत.

सेमीफायनल. सत्तरावं मिनिट.
कॅम्पातला ऑस्टिन परेरा, डावा पाय, सतरा वर्षं,
आयुष्यात पहिल्यांदा कड सोडून मधे शिरला.
का शिरला, त्याचं त्यालाच माहीत.
तव्यावरून घसरला तो उठलाच नाही.
लाल मातीत रक्त लवकर कळत नाही,
पांढरा मोजा होता म्हणून कळलं.

कमिटीत भांडण झालं.
क्रिकेटवाले म्हणाले, मैदान आमचं, ते पाहुणे.
फुटबॉलवाल्यांनी पुण्यातून, हुबळीतून
जुने फोटो मागवले, आम्ही आधी म्हणून.
दोन्ही फोटोंत बाबाच होते,
एकात रोलर ओढताना, एकात चुन्याची बादली घेऊन.
त्यांना कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबरात मॅटिंग पसरलं,
खिळे ठोकत आलो, एक कोपरा फडफडत राहिला.
काठीवर टेकत ऑस्टिन आला.
रुमालाची गाठ सोडली.
"हा तुमचा," म्हणाला.
मी हात पुढं केला नाही.
त्यानंच वाकायला बघितलं,
गुडघा वाकला नाही,
मग मी घेतला, ठोकला. तीन घाव.

आता त्याची बेकरी आहे.
दर मेअखेरीस दुपारी येतो, पाव आणतो.
गुरुसिद्धही येतो, आता टक्कल पडलंय त्याला,
ओठावरची रेघ हसताना दिसते.
लांबून पोरं ओरडतात,
"काय करूलालासा ओ मामा, खिळं मोजूलालासा?"
होय बाबांनो, तेच करूलालाव.

ऑस्टिन कोकणीत मोजतो, ओठांतल्या ओठांत.
मी बोटांवर.
गुरुसिद्ध शेवटी "मूवत्तेरडू" म्हणतो,
तेव्हाच डब्याचं झाकण लागतं.

मिडऑफला अजून दिसतं
सेंटर सर्कलच्या चुन्यानं जळालेलं गवत, अर्धगोल.
नवा पोरगा नेमका त्यावर उभा राहतो,
त्याला वाटतं त्याच्यासाठीच आखलंय.

परवा मोजले.
तेहेतीस भरले.

पुन्हा मोजले. तेहेतीस.
एक वेगळा होता, जाडा, जुन्या घडणीचा,
कुणाच्या तरी बुटानं उकरून वर आलेला,
बाबांच्याही आधीचा असेल, किंवा नसेल.
तिघांनी हातात घेऊन बघितला.
कुणी काही बोललं नाही.
ऑस्टिन गुडघा चोळत बसला.