पाचशे बारा

लिएपायाच्या बंदरावर वारा आडवा येतो.
खिडकीच्या फटीत मी वर्तमानपत्र कोंबते
आणि टेबलावरचं यंत्र चालू करते.
सोळा वर्षांचं. बिजागरी सैल,
झाकणाला मागून जाड शब्दकोशाचा टेकू.
मेमरी पाचशे बारा.
मेगाबाइट. गिगा नव्हे. दर वेळी सांगावं लागतं.

पूर्वी मी जहाजांत माल लावायचे,
म्हणजे कागदावर:
कुठलं खोकं कुठे बसलं तर जहाज कलणार नाही.
आता घड्याळ सांभाळते.
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातलं, एवढंसं,
ज्याच्याकडे मुद्दाम कुणी बघत नाही.
खालची पट्टी ओस्वाल्दोकडे,
तो आसुन्सियोनला रात्रीची टॅक्सी चालवतो.
खिडक्या गिंतारसकडे.
खिडक्यांच्या सावल्या आम्ही काढूनच टाकल्या;
सावली पडायला दीड मेगाबाइट लागतं.

पगार कुणालाच नाही,
भांडणं मात्र भरपगारी.
एका बटणाच्या करड्या रंगावरून
दोघं सात आठवडे बोलत नव्हते.

मग नारिनच्या शाळेतून आयचुरोकनं कळवलं:
अकरा यंत्रं, अकरांच्याही आतली बॅटरी मेलेली.
रोज सकाळी चालू केलं की
एक जानेवारी, दोन हजार दोन.
मुलांनी निबंध लिहिले, चित्रं काढली,
सगळ्यांवर तीच तारीख.
ती लिहिते: तुमच्या घड्याळाप्रमाणे
माझ्या वर्गातल्या एकाचाही
अजून जन्म झालेला नाही.

बॅटरी बदला, आमच्यातलं कुणीतरी म्हणालं.
तिचं उत्तर दोन ओळींचं:
ती डाग देऊन बसवलेली आहे.
डाग द्यायचं हत्यार आमच्याकडे नाही.

मी तीन रात्री बसले.
यंत्राची तारीख जर आमच्या घड्याळाच्याही जन्माआधीची असेल
तर घड्याळानं गप्प बसू नये, विचारावं.
एवढंच. नऊ किलोबाइट झाले.
गिंतारस म्हणाला, झिंत्रा, हे नऊ
दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसणार.
मी चिडून दिवा मालवला.
सकाळी बघते तर त्यानं ओळ न ओळ वाचलेली,
आणि चकार शब्द न काढता
सहा किलोबाइट छाटून परत पाठवलेले.

आता प्रश्न, घड्याळानं बोलायचं काय?
‘तारीख चुकीची आहे’ असं मी लिहिलं होतं.
ओस्वाल्दो म्हणाला, हे तर हेडमास्तर झालं.
शेवटी ठरलं: ‘आज कोणता दिवस?’
किरगिझमध्ये काय म्हणायचं ते
आयचुरोकनं मुलांवर सोडलं.
त्यांनी हात वर करून निवडलेलं वाक्य
पट्टीत मावेना.
आम्ही पट्टी अकरा पिक्सेलनी रुंद केली.
त्यावर कुणी भांडलं नाही.

तेव्हापासून तिथे सकाळी
अकरा यंत्रं विचारतात
आणि ज्याची पाळी असेल ते पोर
फळ्याजवळ उभं राहून मोठ्यानं दिवस सांगतं.
शनिवारी कुणी नसतं.
शनिवारी ती तशीच विचारत राहत असतील का,
असं मला उगीच वाटून जातं;
बंद असतात, हे माहीत असून.

ज्या पायावर आम्ही उभे आहोत
तो बत्तीस बिटांचा पाया पुढच्या वर्षी काढून घेणार म्हणे.
आमचंही मतदान आहे.
ओस्वाल्दो हो म्हणतो, गिंतारस नाही म्हणतो,
मी अजून कोरा कागद.

परवा माझ्याही यंत्राची बॅटरी गेली.
हे एका वर्षानं धाकटं:
एक जानेवारी, दोन हजार तीन.
धक्क्यावर पाच नंबरची क्रेन चालू,
लाकूड भरायचंय, यादी माझ्या हातात,
बोटं गारठलेली, आणि खालून कुणीतरी
माझ्या नावानं ओरडतंय.
कोपऱ्यात घड्याळ विचारत होतं,
मीच शिकवलेल्या शब्दांत.
मी चहा ठेवला.
पाणी उकळेपर्यंत त्याला थांबू दिलं.