नववा पडदा

रामबागेत माझं दुकान दीड माणसाचं:
एक मी, अर्धा प्रद्योत, जो कॉलेजातून येऊन
सरसाचं भांडं खरवडतो आणि मला ‘भिया’ म्हणतो.
काम बहुतेक सतारींचं, पेट्यांचं.
गिटारी येतात कोचिंगच्या पोरांच्या,
रिझल्ट लागला, की विकायच्या म्हणून.

ही तशी नव्हती.
बाक्रे सरांनी ती चादरीत गुंडाळून आणली,
स्कूटरवर पुढे उभी करून, लहान पोराला आणावं तशी.
कलकत्त्याची बनावट. आतलं लेबल कसरीनं अर्धं खाल्लेलं,
साल लागत नाही. पॉलिश मात्र खरं, लाखेचं.
“वाजली पाहिजे,” म्हणाले, “नात मागते आहे.
शैलजाची होती. शाळेत प्रार्थनेला वाजवायची.
तीनच कॉर्ड यायच्या तिला. स्वतःच हसायची.”

तारा उतरवल्या. पोलादी पट्टी ठेवून
पट्टीखालून येणारा उजेड पाहिला.
पहिल्या तीन पडद्यांना खड्डे,
जुन्या तिकीटखिडकीच्या दगडाला
नाण्यांनी पडतात तसे.
सरांचं बरोबर होतं: तीन कॉर्ड,
वीसेक वर्षं, सकाळी सव्वासात.

मग मार्करनं प्रत्येक पडद्याचा माथा निळा केला
आणि सपाट कानस फिरवली.
कानस वडिलांची. मिलमध्ये फिटर होते,
मिल बंद झाली त्या दिवशी
डब्यात पोळ्यांखाली घालून आणली.
चोरीच म्हणायची.
निळं निघत गेलं. चार, पाच, सहा, सात, आठ,
सगळे कोरे, तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.
नवव्यावर निळं राहिलं.

पुन्हा फिरवली. राहिलं.
तिसऱ्या तारेखाली. आणि खड्डा नव्हता तो.
आडवा, पसरट, उतरता, गुळगुळीत,
चमच्याच्या आतल्या बाजूसारखा.
“माल खराब असेल, भिया.”
मी बोललो नाही.
असली झीज चाळीस वर्षं पाहतो आहे, पण सतारीवर.
तार दाबून ओढली, ओढून धरली,
सूर चढेपर्यंत सोडली नाही, की पडते.
ही मींड होती.

सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला.
कोमल हवा? जरा सरकव. ऐकतो बिचारा.
गिटारचा ठोकून बसवलेला,
जिथे आहे तिथे आहे, कारखान्यानं ठरवलं ते.
म्हणजे सर कॉलेजात, पोरं शाळेत,
आणि ही बाई भर दुपारी
पडदा सरकत नाही म्हणून तारच ओढत बसलेली.
पोलादी तार. आधी बोट फाटतं.
गिलटाची पाळी फार नंतर येते.

नववा काढावाच लागला.
सोल्डरिंगच्या सळईनं तापवून, पकडीनं,
केसाकेसानं, नाहीतर शिसवीचे कपचे निघतात.
नवा ठोकला, माथा गोल केला, टोकं घासली.
जुना तुकडा काडेपेटीत ठेवला.
द्यावा, न द्यावा, ठरेना.

शनिवारी सर आले. हिशेब मागितला.
“चार कसे? तीन म्हणाला होतात.”
“नववाही झिजला होता.”
“तिथे? तिथे कशानं?”

मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं.
दाबा. आता आडवी ओढा.
सूर निघाला, डगमगत, अर्धाच चढला.
सरांनी बोट काढलं. बघितलं. परत ठेवलं.
या वेळी जरा जास्त ओढली.

“हे मी ऐकलंय,” म्हणाले.
“एकदा दुपारी लवकर घरी आलो होतो.
जिन्यातच होतो.
मला वाटलं, शेजारच्यांचा रेडिओ.”

काडेपेटी गल्ल्यात होती. हात तिकडे गेला,
आणि प्रद्योतनं, कुणी न सांगता,
उठून पंखा बंद केला.