सेहेचाळीस अंशांत पंचेचाळीसची तबकडी

मे महिन्यात भुसावळला तबकडी वाकते.
हे कुठल्याच वेष्टनावर छापलेलं नसतं.
मी शिकलो ते एक गमावून:
दुपारभर खिडकीत राहिली, संध्याकाळी पापड.
सुई चढायची, उतरायची,
आणि गाणं यावल रोडच्या एसटीसारखं.

तेव्हापासून बाकीच्या एकशे अकरा
माठामागच्या कोनाड्यात, प्लायवुडच्या फळ्यांमध्ये,
उभ्या. आडव्या ठेवल्या की एकमेकींच्या जिवावर उठतात.
बायको म्हणते, त्यापेक्षा आंब्याची अढी घाला,
निदान पिकेल तरी.

डॉरीन मॅडम पर्थला निघाल्या तेव्हा
रेल्वे कॉलनीतल्या बंगल्यातून पलंग गेला, आरसा गेला,
पियानोसुद्धा चौघांच्या खांद्यावरून गेला.
भाच्यानं ग्लासगोहून पाठवलेलं हे खोकं कोणी घेईना.
भंगारवाला म्हणाला, प्लास्टिक आहे, किलोनं घे.
पाच किलो भरलं.

लोको शेडमधून रात्रपाळी करून आलो होतो,
कानात अजून मोटरची घरघर.
पहिली लावली, आणि गिटार.
कशी सांगू? पोळ्याला धुतलेला बैल मान हलवतो
तेव्हा गळ्यातली माळ,
किंवा चमच्यांचा डबा हातातून निसटावा
आणि एकही चमचा खाली पडू नये, तशी.
गाणारा पोरगा नाकात गात होता, अर्धा सुरात,
कोणी सोडून गेल्याचं
हवामानाच्या बातमीसारखं सांगत होता.
इंग्रजी मला चाळीस टक्के कळतं.
तेवढं पुरलं.

पण हे एकट्यानं ऐकणं म्हणजे
एकट्यानं भरीत खाणं. घशात अडकतं.
मग टू-इन-वन समोर ठेवून, पंखा बंद करून
कॅसेटी भरल्या. घाम गाळत, श्वास दाबत.
एक चोपड्याला झोपे कंपाउंडरकडे,
एक नंदुरबारच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरबरोबर,
एक सुभान तडवीला, जो केळी भरून दिल्लीला जायचा.
परत आला तर म्हणाला,
भो, तुझं हे पोरगं हसतं का रडतं?
ग्वाल्हेरपर्यंत ठरलं नाही.
आणि मधी कुकर कोणाचा वाजतो?

त्यातल्या एकीचं वेष्टन म्हणजे झेरॉक्स,
हातानं घडी घातलेला. कोपऱ्यात पेननं:
तीनशेपैकी दोनशे सतरा.
मागे पत्ता.
मी लिहिलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन लिहिलं.

चौदा महिन्यांनी उत्तर आलं.
तो आता एका शाळेत बॉयलर सांभाळतो.
त्याची स्वतःची प्रत पहिल्या बायकोच्या सामानात गेली.
मुलीनं बापाचं गाणं ऐकलेलं नाही.
तुम्हाला त्रास नसेल तर, असं लिहिलं होतं,
आणि पुढचं वाक्य खोडलं होतं.

खरं सांगतो, मी कॅसेटच पाठवली.
तबकडी हातात घेतली, फडक्यानं पुसली,
परत फळीमध्ये सरकवली.
मनाशी म्हणालो, टपालखात्याचा काय भरवसा.
टपालखात्यानं माझं कधी काही हरवलं नव्हतं.

त्याचं दुसरं पत्र लवकर आलं.
मुलगी म्हणते, कॅसेटवर जास्त छान आहे.
फक्त दुसऱ्या कडव्यानंतर एक लांब सूर येतो,
आम्ही तो वाजवला नव्हता.
कोणतं वाद्य?

यार्डातली मालगाडी, सिग्नल मागत होती.
पत्र घेऊन मी ओट्यावर बराच वेळ बसलो.
तेव्हाही एक मागत होती.

जानेवारीची वाट पाहिली. ऊन सोसेल एवढं आलं
तेव्हा दोनशे सतरा नंबर दोन फळ्यांत बांधून
पोस्टात नेली.
खिडकीतल्या फिरके बाईंनी वजन केलं.
आत काय?
प्लास्टिक, म्हटलं.
किंमत?
भंगाराच्या भावानं चाराणे होत असतील,
तिथं मी रेघ मारली.
मोडण्यासारखं आहे का?
नाही, म्हटलं. वाकण्यासारखं.