सोमवारचा रकाना

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून
मी सात रकाने आखते, वैजूच्या पट्टीनं.
पुढच्या बाजूला देव आणि दुधाचे खाडे,
मागची बाजू कोरी, म्हणून माझी.

रविवार: मसुराची आमटी, रेशनचा भात.
सोमवार: उरलेल्या आमटीत शेवग्याचा पाला
(परड्यातला, फुकट).
मंगळवार: हुलगे शिजवायचे, पाणी टाकायचं नाही.
बुधवार: त्या पाण्याचं कट.
निंगव्वा त्याला हुरळी सारु म्हणते.
तिच्यात चिंच पुढं, माझ्यात लसूण,
भिंतीवरून वाट्या जातात येतात,
आणि एवढं एक भांडण दहा वर्षं मिटलेलं नाही.

तेलाच्या बाटलीवर स्केचपेनच्या चार रेघा आहेत,
आठवड्याला एक.
या गावात रेघेवरून माणसं काय काय बोलतात,
मला तेवढी एकच पाळता येते.

हुक्केरी अण्णा भाव कानडीत सांगतो,
नूरा एंबत्तु,
मी मनात मराठीत भागते
आणि पाव किलोच म्हणते.

शनिवारच्या बाजाराला दिवे लागल्यावर जायचं.
बायका पाट्या आवरायला लागतात,
कोबी निम्म्यावर येतो,
आणि कुदळ लागलेली रताळी
कुणी वजनसुद्धा करत नाही, ओंजळीनं देतात.

हे सगळं बसतं.
न बसणारे एकच, मामंजी.

लुमाण्णा आचारी. वडगावापासून खानापुरापर्यंत
पाचशे पानांची लग्नं या माणसानं उठवली.
शंभर पानाला तांदूळ किती, झोपेत विचारा.
आता चौघांच्या भातात पाणी किती
ते लांबूनच बघतात.

सोमवार त्यांचा आधीपासून होता.
तूरडाळ वाढली तेव्हा शनिवार आला.
मग संकष्टी.
फाउंड्रीतला यांचा ओव्हरटाइम बंद झाला
त्याच महिन्यात गुरुवारही देवाचा निघाला.

मी एकदा हिशेब मांडून दाखवला, हसत हसत:
मामंजी, साबुदाणा, शेंगदाणे, चमचाभर तूप,
तुमचा एक उपास दीड जेवणाला पडतो.
उपास आपल्याला परवडत नाही.

ते हसले नाहीत.
पुढच्या सोमवारी म्हणाले, मला कोरा चहा पुरे गे.

त्या दिवशी माझ्याच्यानं भाकरी थापवेना.
कडा फाटत होत्या.

मग मी डोकं लढवलं.
आमटी मुद्दाम अळणी ठेवली, हाक मारली:
मामंजी, मीठ बघा की जरा,
मला अंदाज येईना झालाय.
आचारी आहे, चाखल्याशिवाय राहील कसा,
आणि एक थेंब जिभेला लागला
की उपास मोडलाच.

आले. पातेल्यावर वाकले.
वाफ नाकात घेतली, डोळे मिटून,
पाचशे पानांच्या वाफा ओळखणारं नाक ते.
म्हणाले, मीठच घालायला इसरलीस की पोरी.
आणि परत कट्ट्यावर जाऊन बसले.

वैजू इतकी हसली की तिला ठसका लागला.

चुलीत निखारे होते. मी काही बोलले नाही.
शनिवारची रताळी काढली,
कुदळीची काळी जखम सुरीनं कोरून टाकली,
उरलेलं राखेत पुरलं.

वास कट्ट्यापर्यंत गेला असावा.
रताळं तर उपासाला चालतं,
आणि पैसेही पडलेले नाहीत,
नाही म्हणायला त्यांच्याकडं काहीच उरलं नव्हतं.

फुंकर मारत त्यांनी ते मोडलं, चार भाग केले,
जन्मभर सारखं वाढलेल्या हातांनी,
तरी सारखे झाले नाहीत.
वैजूचा मोठा.
यांचा झाकून ठेवला, दुसऱ्या पाळीसाठी.
स्वतःचा शेंड्याकडचा, दोऱ्या असलेला.

मी माझ्यातलं निम्मं त्यांच्या ताटलीत सरकवलं
तेव्हा ते तेलाच्या बाटलीकडं बघत होते,
रेघेच्या वर बोटभर तेल होतं अजून.

रात्री सोमवारच्या रकान्यात शेवग्याचा पाला खोडला नाही,
खाली बारीक अक्षरात लिहिलं:
रताळी. कुदळ लागलेलीच आणणे.