अकरा सेकंद

टॉडमॉर्डनच्या ग्रंथालयावरची खोली, मंगळवार, साडेसहा.
आम्ही तिघे एक वाक्य तपासायला बसलो आहोत.
हीटर आतून ठोठावतोय, कुणी अडकल्यासारखा.
ध्वनिफीत अकरा सेकंदांची.

फेब्रुवारीतली सभा. पुराच्या भिंतीचा ठराव.
नगरसेविका इफुआ बार्न्स आकडे वाचते आहे,
कुठल्या गल्लीत पाणी कितव्या पायरीला लागलं.
सतरावा आकडा होतो,
आणि नगरसेवक ॲक्रॉइड, खुर्चीतून न उठता:
"छान हं, लव्ह. किती मेहनत घेतलीस."

एवढंच.
शिवी नाही. आवाज चढलेला नाही,
उलट थोडा उतरलेलाच,
लहान मुलानं काढलेला हत्ती बघताना उतरतो तसा.

आचारसंहिता माझ्या मांडीवर. कलम चार: आदर.
प्रिचर्ड, आमचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, म्हणतात
शब्द तर कौतुकाचेच आहेत.
विल्मा म्हणते, इथे बसचा ड्रायव्हरही लव्ह म्हणतो.
खरं आहे. मलाही म्हणतो, सुटे पैसे देताना.
मला आवडतं.

पुन्हा लावा, मी म्हणते.
पुन्हा.
आता शब्द सोडून देते, त्यांच्या मागचं ऐकते:
खुर्च्यांमधून सरकत गेलेलं बारीक हसू,
मग कागदाची घडी. एक. आणखी एक.
अठरावा आकडा त्या घडीत गेला.
कुठल्या गल्लीचा होता, कुणी विचारलं नाही,
इतिवृत्तातही नाही.

घसा कोरडा पडतो, कारण हे वाक्य मला पाठ आहे.
आमच्यात त्याला इतके शब्द लागत नाहीत,
दोन अक्षरांत भागतं: असो.
मिरजेहून भाऊ तावातावानं सांगत होता
मत कुणाला दिलं, आणि का.
तो "कारण" म्हणाला, आणि मी म्हणाले,
"असो. जेवलास का?"
किती गोड विचारलं होतं!
जगातल्या कुठल्याही समितीनं मला निर्दोष सोडलं असतं.
"जेवलो," म्हणाला.
त्याला पाच महिने झाले.

मतं घेतली जातात. दोघांचं: भंग नाही.
माझं: आहे, पण तो शब्दांत सापडायचा नाही.
"विथ रिस्पेक्ट, मिसेस दबीर," प्रिचर्ड हसतात,
चष्मा पुसतात,
बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवतात.
मी एक घेते. आल्याचं आहे, चांगलं आहे.
ते खात खातच लेखनिकाला आडनावाचं स्पेलिंग सांगते,
तो लिहून होईपर्यंत उठत नाही.

बाहेर कालवा, काळा, काठोकाठ.
मिरजेत आता दीड वाजला असेल.
उद्या फोन करीन. विचारीन,
त्या दिवशी "कारण" म्हणालास, त्याच्या पुढे काय?
आणि मग गप्प बसायचं. जेवणाचं काढायचं नाही.
जमेल की नाही, कोण जाणे.
भाऊ फार लांबण लावतो.