फ्रेममधला माणूस

आमच्या गावच्या वैभव मेडिकलच्या भिंतीवर
एक फ्रेम होती.
आत शिक्का, नोंदणीचा नंबर,
आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढा एक माणूस,
केस चापून बसवलेला,
गावानं कधीच न पाहिलेला.

तो नागपुरात प्लॉट विकायचा.
त्याचा कागद इथे नोकरीला होता,
महिना साडेतीन हजारांवर.

दसऱ्याला ढोमणेकाकांनी वजनकाट्याला हार घातला,
फ्रिजला घातला, कॅल्क्युलेटरवर फूल वाहिलं
आणि उरलेली झेंडूची माळ फ्रेमला अडकवली.
खोकल्याच्या बाटलीचे पैसे मोजता मोजता
मैनाबाईनं वर पाहिलं,
पदर सावरून हात जोडले.
"लवकर गेले जी. का झालतं?"
काका चाचरले. "हाव... साखर होती."

मी तेव्हा काउंटरच्या आत,
डिप्लोमाच्या ट्रेनिंगचे पाचशे तास भरत.
हसू दाबलं.
मग दिवसभर ते आलंच नाही.

कलम बेचाळीस मला पाठ होतं,
चिठ्ठीवरचं औषध कुणी द्यावं, कुणी देऊ नये.
परीक्षेत पाच मार्कांना आलेलं.
इथे ते औषध चिंटू द्यायचा, काकांचा पुतण्या,
दहावीला दोनदा बसलेला, कात्रीला मात्र तेज.
ताप? पांढरी. अंग दुखते? हिरवी.
दोन्ही? मग लाल पण घे.

ताराम मॅडम वर्गात सांगायच्या,
पत्ता तारखेच्या बाजूनं कापू नका,
तो तुकडा शेवटपर्यंत राहू द्या,
बिनतारखेची गोळी हातात देणं म्हणजे
आणि तेवढ्यात लाइट गेली होती.
ते वाक्य अजून माझ्याकडे तसंच आहे, अर्धं.

लाल पट्टीच्या औषधांचं रजिस्टर
जानेवारीतच मार्चपर्यंत भरलेलं,
एकाच पेनानं, एकाच बैठकीत.
त्यातले निम्मे डॉक्टर
काकांचे शाळेतले सोबती निघाले.

रोवणीच्या दिवसांत एक बाई आली,
पिंढऱ्यांपर्यंत चिखल,
"कंबर लय दुखते, थे हिरवी दे."
चिंटूनं कात्री उचलली.
मी तिला पोत्यांच्या आड नेलं, हळू विचारलं,
"पाळी कधी आलती?"
तिनं बोटांवर मोजलं.
पुन्हा मोजलं.
मग खाली बसली.
मी गोळी दिली नाही. आशाताईंचा नंबर दिला.
काका म्हणाले, "सात रुपयाचं गिऱ्हाईक गेलं."

माझी नोंदणी टपालानं आली
त्याच आठवड्यात तालुक्याहून एक बुलेट आली.
"पोरीनं काही कराचं नाही, फक्त कागद द्याचा.
घरबसल्या चार हजार."
बाबा राईस मिलमध्ये पोती शिवतात.
चार हजार म्हणजे त्यांचे बारा दिवस.
ते बराच वेळ बोलले नाहीत,
बशीतला चहा थंड होऊन साय धरली.
मला वाटलं, हो म्हणतात.
मी काय म्हटलं असतं, ते आज सांगता येत नाही.
मग ते म्हणाले,
"अन् हार कोन घालीन हिच्या फोटोले?"

आता भिंतीवर माझी फ्रेम आहे.
फोटोत एक डोळा मिटल्यासारखा आलाय.
पगार ठरवताना काकांनी तीनदा सुस्कारा सोडला.
चिंटू खोकी उघडतो, हिशेब करतो, कात्री माझ्याकडे.
रजिस्टर त्या त्या दिवशीच भरते,
काही दिवशी पान कोरंही राहतं.
मी नाही म्हटलं की काही जण
समोरच्या किराण्यातून तीच गोळी घेतात,
साबण आणि विडीच्या मधून काढलेली.
तेही मला इथूनच दिसतं.

परवा मैनाबाई आली.
वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर.
"त्या मेल्या सायबाची तू कोन वं? पोरगी?"

"कोनी नाही, आजी.
चिठ्ठी दाखवा."